तोशिया: क्योटोत विशीतल्या धनुर्धरांचा दिवस कसा पाहावा

जानेवारीच्या मध्यावरच्या एका रविवारी क्योटोतल्या सांजूसान्गेन्दो मंदिरामागे वीस वर्षांच्या मुली फुरिसोदे म्हणजे लांब बाह्यांच्या किमोनोवर हाकामा हा चुण्यांचा घेरदार पायघोळ नेसून, त्या बाह्या पट्टीने मागे बांधून, ओळीत उभ्या राहतात आणि ६० मीटरवरच्या लक्ष्यावर बाण सोडतात. जपानला जाऊ इच्छिणाऱ्या बहुतेकांनी हा फोटो कुठे ना कुठे पाहिलेला असतो. मात्र फोटोच्या भरवशावर गेलेला माणूस अर्ध्या तासात कंटाळून बाहेर पडतो, कारण ही स्पर्धा आहे, पाहुण्यांसाठी मांडलेला देखावा नव्हे. समोर माणसांची भिंत, हाडं गोठवणारी थंडी, आणि बाण लागला की चुकला हे नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही. काय पाहायचं आणि कोणत्या क्रमाने पाहायचं हे आधी ठरवून गेलं, तर हाच दिवस जपानच्या अख्ख्या सहलीतला सर्वांत चांगला ठरू शकतो.

हा दिवस नेमका कसला

एकाच आवारात एकाच दिवशी दोन गोष्टी चालतात. मंदिरामागच्या मोकळ्या पट्ट्यात देशभरातल्या धनुर्धरांची 'ओमातो' म्हणजे मोठ्या लक्ष्याची स्पर्धा असते. जुन्या परंपरेवरून लोक तिला तोशियाच म्हणतात. दुसरीकडे मंदिराच्या आत विलोच्या फांदीने तीर्थ शिंपडण्याचा विधी असतो. मंदिराच्या दृष्टीने वर्षातला मोठा दिवस तो या विधीमुळे. धनुर्विद्येचे फोटो जगभर फिरले, म्हणून बाहेरच्यांना विधी दुय्यम वाटतो. स्थानिक वयस्कर मंडळी मात्र सकाळी येतात आणि धनुर्धरांकडे न पाहता थेट विधीच्या रांगेत जाऊन उभी राहतात.

स्पर्धेत यंदा विशीला पोचलेली मुलंमुली असतात, आणि क्यूदोत, म्हणजे जपानी धनुर्विद्येत, वरच्या उपाधी मिळवलेल्या ज्येष्ठांचा गट वेगळा असतो. जपानमध्ये कायद्याने सज्ञान होण्याचं वय एप्रिल २०२२ पासून १८ झालं, पण समारंभ बहुतेक ठिकाणी अजूनही विसाव्या वर्षीच होतात. इथेही चर्चा असते ती वीस वर्षांच्यांचीच.

तारीख आणि मुक्काम

सज्ञान होण्याचा राष्ट्रीय दिवस, 'सेइजिन नो हि', १९४८ च्या सुट्ट्यांच्या कायद्याने १५ जानेवारीला ठरला आणि २००० सालापासून जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी गेला. तोशिया मात्र जुन्या तारखेलाच चिकटून आहे: साधारणपणे १५ जानेवारीला सर्वांत जवळचा रविवार. म्हणून सुट्टीचा सोमवार पाहून तिकिटं काढणाऱ्यांची चुकामूक होते. रविवार १२ किंवा १३ तारखेला आला तर दुसऱ्याच दिवशी ही सुट्टी असते. १४ ते १८ मध्ये आला तर सुट्टी आठवडाभर आधीच होऊन गेलेली असते. त्या वर्षीची तारीख मंदिराच्या संकेतस्थळावर पाहा आणि मगच विमानाचं तिकीट काढा.

रविवार आणि सुट्टीचा सोमवार जोडून आले तर तीन दिवसांची सलग सुट्टी होते, आणि क्योटोतल्या हॉटेलांचे दर चढतात. अशा वेळी ओसाकात राहणं शहाणपणाचं. योदोयाबाशीहून केइहान मार्गाची जलद गाडी शिचिजो स्थानकावर थांबते. प्रवास साधारण पन्नास मिनिटांचा, आणि तिथून मंदिर सात-आठ मिनिटं चालत. सोमवारी क्योटोत राहिलात तर ओकाझाकी भागात मियाको मेस्से सभागृहाभोवती फिरा. शहराचा सज्ञानांचा समारंभ तिथे होतो आणि सगळा परिसर फुरिसोदेंनी भरून जातो.

भारतीय पासपोर्टला जपानचा व्हिसा लागतो. डिसेंबरात सुट्ट्यांमुळे अर्जांची गर्दी असते, तेव्हा हे काम नोव्हेंबरातच उरका.

तिथे पोचणं

क्योटो स्थानकावरून २०६ किंवा २०८ क्रमांकाची सिटी बस 'हाकुबुत्सुकान सांजूसान्गेन्दो-माए' थांब्यावर सोडते. बसमध्ये मागच्या दाराने चढायचं आणि उतरताना पुढच्या दाराशी पैसे द्यायचे. सुइका किंवा इकोका हे प्रवासाचं प्रीपेड कार्ड असेल तर सुट्टे शोधत बसावं लागत नाही. या दिवशी बसची वाट पाहण्यापेक्षा मला तरी चालणं बरं वाटतं. अंतर दीड किलोमीटरच्या आसपास आहे, वीस मिनिटं लागतात, आणि लांबट कापडी पिशवीत धनुष्य घेऊन निघालेली मुलं वाटेतच दिसू लागतात. त्यांच्या मागोमाग गेलं की रस्ता विचारावा लागत नाही.

एरवी मंदिराचं प्रवेशशुल्क मोठ्यांना ६०० येन आहे. या दिवशी प्रवेश विनामूल्य असतो. गर्दीचं निम्मं कारण हेच.

अंगावर काय घालायचं

जानेवारीत क्योटोत पहाटे पारा एक-दोन अंशांवर असतो आणि दुपारी नऊ-दहाच्या पुढे फारसा जात नाही. पुण्या-नाशिकची थंडी सोसलेल्याला हा आकडा भीतीदायक वाटणार नाही. पण इथे चालायचं नसतं, तासन्‌तास एका जागी उभं राहायचं असतं. पाय आधी गारठतात. लोकरीचे दोन मोजे, आत थर्मल, वर वारा अडवणारं जॅकेट. जपानी दुकानांत 'काइरो' नावाच्या उबदार पुड्या मिळतात. फोडल्या की काही तास गरम राहतात. चिकटणाऱ्या पुड्या कपड्यावर लावायच्या, थेट कातडीवर नाही. बूट सहज काढता येतील असे हवेत, कारण मंदिरात शिरताना ते काढावे लागतात.

छोटी दुर्बीण असेल तर जरूर न्या. ६० मीटरवरच्या लक्ष्यात बाण रुतला की बाजूला गेला, हे तिच्याशिवाय कळत नाही.

क्रम: आधी धनुर्धर, मग विधी, शेवटी मूर्ती

या क्रमाबद्दल मी ठाम आहे. मंदिरातल्या अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ती वर्षभर तिथेच असतात, त्या दुसऱ्या दिवशी तिकीट काढूनही पाहता येतील. विधीची रांग दिवसभर चालते. धनुर्धरांपुढे जागा मात्र सकाळी लवकरच मिळते. नऊच्या आधी आवारात शिरा. कोणत्या गटाची फेरी कधी, हे त्या दिवशीच्या फलकावर पाहून घ्या. फलक जपानीत असेल तर फोनवरच्या भाषांतराने काम भागतं. मुलींचा गट म्हणजे 女子 आणि मुलांचा 男子, एवढी चित्रं ओळखता आली तरी पुरे.

मंदिराची इमारत पूर्वेकडे तोंड करून उभी आहे. स्पर्धा तिच्या पाठीमागे, पश्चिमेच्या लांब पट्ट्यात होते. धनुर्धर दक्षिणेच्या टोकाला उभे राहतात आणि उत्तरेकडे नेम धरतात. सगळी गर्दी धनुर्धरांच्या जवळ दाटते, कारण सगळ्यांना चेहरे हवे असतात. पहिल्या रांगेत घुसता आलं नाही तर तिथे टाचा उंचावत बसू नका. थोडं उत्तरेला सरका. तिथून माणसं लहान दिसतात, पण बाणाचा प्रवास दिसतो.

काय पाहायचं

आता मुद्द्याचं. पूर्ण ओळ एकदम पाहण्याचा मोह होतो. तो टाळा, एकच धनुर्धर निवडा आणि तिच्या दोन बाणांपर्यंत नजर हलवू नका. प्रत्येकीच्या वाट्याला येतात ते दोनच बाण, तेही ठरलेल्या थोड्या वेळात. वर्षभराच्या सरावानंतर, कित्येकींच्या बाबतीत शेकडो किलोमीटरचा प्रवास करून, फक्त दोन. दोन्ही लागले तर पुढची फेरी, नाहीतर धनुष्य पिशवीत.

धनुष्य नीट पाहा. उंची दोन मीटरहून जास्त, म्हणजे धरणाऱ्या मुलीपेक्षा कितीतरी उंच. मूठ मध्यावर नसते. ती खालून साधारण एक तृतीयांशावर असते, त्यामुळे वरचा भाग लांब आणि खालचा आखूड दिसतो. उजव्या हातात हरणाच्या कातड्याचा हातमोजा असतो. त्याचा अंगठा कडक केलेला असतो आणि दोरी त्या अंगठ्याच्या खोबणीत अडकवून ओढतात. मुलींच्या छातीवर दिसणारं पट्ट्याचं आवरण दोरी कपड्यात अडकू नये म्हणून. खांद्यांवरून पाठीवर फुली घालणारी पट्टी म्हणजे तासुकी. फुरिसोदेची बाही जवळपास घोट्यापर्यंत लोंबते, आणि ती मोकळी राहिली तर बाण सुटणं कठीण.

क्यूदोत एका बाणाच्या आठ पायऱ्या मानतात: पाय रोवणं, धड सावरणं, धनुष्य सज्ज करणं, ते डोक्यावर उचलणं, खाली आणत दोन्ही बाजूंना ताणणं, पूर्ण ताणात थांबणं, सोडणं, आणि सोडल्यावर तसंच राहणं. पाश्चात्त्य तिरंदाजीत हात समोर ठेवून दोरी मागे खेचतात. इथे धनुष्य आधी वर जातं आणि खाली उतरताना ताणलं जातं, त्यामुळे दोरी कानाच्या मागे जाते. सहावी पायरी, 'काई', पाहण्यासारखी. बाहेरून काहीच घडत नाही आणि हात मात्र बारीक थरथरत असतात. नवखा धनुर्धर इथे घाई करतो आणि ताण पूर्ण होण्याआधीच बाण निसटतो. हे एकदा ओळखता आलं की लक्ष्याकडे न पाहताही चुकलेला बाण कळू लागतो. आठवी पायरी 'झान्शिन'. बाण सुटला, तरी दोन्ही हात पसरलेले, नजर समोर. चुकल्याचं दुःख किंवा लागल्याचा आनंद त्या क्षणी चेहऱ्यावर आणायचा नसतो. बहुतेक जणींना ते जमतं. ओळीतून बाहेर पडताच मात्र मैत्रिणींच्या गळ्यात पडून जे हसू आणि रडू होतं, तेही पाहण्यासारखं असतं.

नेम चुकतात, आणि खूप चुकतात. कारण समजून घेतलं तर मजा वाढते. नेहमीच्या सरावात लक्ष्य २८ मीटरवर असतं आणि त्याचा व्यास ३६ सेंटिमीटर. इथे अंतर ६० मीटर आणि व्यास १ मीटर. हिशोब केला तर धनुर्धराच्या डोळ्याला इथलं लक्ष्य किंचित मोठंच दिसतं. अडचण बाणाच्या पडण्याची आहे. अंतर दुपटीहून थोडं जास्त झालं की बाण वाटेत साधारण साडेचार पट खाली येतो, आणि तेही हवेचा रोध बाजूला ठेवला तर. म्हणजे हाताला वर्षानुवर्षं बसलेली उंची विसरून धनुष्य वर धरायचं, तेही गोठलेल्या बोटांनी आणि सरावापेक्षा जड कपड्यांत. पहिला बाण लक्ष्याच्या अलीकडे जमिनीत गेला आणि दुसऱ्याला हात वर गेला, असं दिसलं तर समजा, मुलगी डोकं शांत ठेवून आहे.

अंतिम फेऱ्या दुपारनंतर होतात. त्यात जो चुकला तो बाद, अशा पद्धतीने एकेक जण गळत जातो. तोपर्यंत प्रवासी कंपन्यांचे गट निघून गेलेले असतात आणि पुढे जागा मिळते. ज्येष्ठांचा गट चुकवू नका. त्यांत काही पुरुष डावा हात बाहीतून काढून खांदा उघडा ठेवून नेम धरतात, त्या थंडीतही. फोटोला मुलींचा गट. धनुर्विद्या पाहायची तर हे ज्येष्ठ.

ओसरीवरचे बाण

हे सगळं याच मंदिरामागे का? मंदिर बांधलं गेलं ११६४ साली, निवृत्त सम्राट गो-शिराकावा यांच्यासाठी, ताइरा नो कियोमोरी या सरदाराकडून. १२४९ च्या आगीत ते जळालं आणि १२६६ मध्ये पुन्हा उभं राहिलं, तीच आजची वास्तू. खांबांमधले तेहतीस खण, कारण कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर तेहतीस रूपं घेतो अशी श्रद्धा. लांबी सुमारे १२० मीटर. पश्चिमेच्या बाजूला तेवढीच लांब ओसरी, आणि वर पुढे आलेली वळचण.

इडोकाळातल्या (१६०३ ते १८६८) सामुराईंनी या ओसरीत एक आव्हान शोधलं: एका टोकाला बसायचं आणि दुसऱ्या टोकापार बाण न्यायचा, छताला, तुळईला, खांबाला न लागता. बाण जोरात गेला पाहिजे, पण उंच गेला तर वळचणीत अडकणार. १६०६ मध्ये आसाओका हेइबेई याने ५१ बाण पार नेल्याची नोंद आहे आणि तिथून चढाओढ सुरू झाली. मोठा प्रकार चोवीस तासांचा, संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत. १६६९ मध्ये ओवारी संस्थानच्या होशिनो कान्झाएमोनने १०,५४२ पैकी ८,००० बाण पार केले. १६८६ मध्ये किशू संस्थानच्या वासा दाइहाचिरोने १३,०५३ पैकी ८,१३३. भागाकार करून पाहा: दर मिनिटाला नऊ बाण, अख्खा दिवस आणि अख्खी रात्र. हा विक्रम कधीच मोडला नाही. ओवारी आणि किशू ही दोन्ही तेव्हाच्या सत्ताधारी तोकुगावा घराण्याचीच संस्थानं, त्यामुळे ही भाऊबंदकी बाणांवर निघत होती असंही म्हणता येईल.

गर्दी ओसरल्यावर पश्चिमेच्या ओसरीकडे नीट पाहा. बाणांनी लाकूड फाटू नये म्हणून खांबांना आणि तुळयांना ठोकलेले लोखंडी पत्रे आजही दिसतात. आजची स्पर्धा ओसरीत होत नाही. ती बाहेर, उघड्यावर आणि निम्म्याच अंतरावर होते.

विलोच्या फांदीचं तीर्थ

मंदिरात डोकेदुखीचा उतारा मिळतो अशी ख्याती आहे. कथा अशी की गो-शिराकावांचं डोकं सतत दुखायचं. मागच्या जन्मी ते रेंगेबो नावाचे भिक्षू होते. त्यांची कवटी नदीच्या तळाशी पडून होती आणि तिच्यातून विलोचं झाड उगवलं होतं. वारा आला की झाड हलायचं आणि सम्राटांचं डोकं ठणकायचं. कवटी काढली आणि दुखणं थांबलं. या दिवशी पुजारी मंत्रवलेल्या पाण्यात विलोची फांदी बुडवून भाविकांच्या डोक्यावर शिंपडतात. मंदिराची परंपरा सांगते की हा विधी भारतातून आला. आपल्याकडे दर्भाने किंवा आंब्याच्या पानाने तीर्थ शिंपडताना पाहिलेल्याला तो ओळखीचा वाटतोच.

रांग लांब असते पण पुढे सरकते. टोपी काढा, पुजाऱ्यांपुढे आलं की मान खाली करा, पाणी पडलं की थांबू नका, चालू लागा. त्या क्षणी फोन बाहेर काढणं अशोभनीय दिसतं, आणि आत छायाचित्रणाला वर्षभर बंदीच आहे.

आतल्या मूर्ती

मध्ये बसलेला मोठा सहस्रभुज अवलोकितेश्वर हे शिल्पकार तान्केईचं काम, १२५४ चं. दोन्ही बाजूंना पाचशे-पाचशे उभ्या मूर्ती, देवदारासारख्या लाकडाच्या, सोन्याचा वर्ख दिलेल्या. प्रत्येकीला अकरा मुखं. हात मोजाल तर ४२ भरतील: जोडलेले दोन सोडले तर ४०, आणि प्रत्येक हात पंचवीस जगांचा उद्धार करतो म्हणून हजार. पहिल्या मंदिरातल्या १२४ मूर्ती आगीतून वाचल्या, बाकीच्या पुन्हा घडवल्या गेल्या.

मराठी माणसाने पुढच्या रांगेपाशी जास्त वेळ द्यावा. तिथे कान्नोनचे अठ्ठावीस रक्षक आहेत. ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, बोन्तेन म्हणजे ब्रह्मा, कारुरा म्हणजे बासरी वाजवणारा गरुड. सोबत किन्नर, असुर, नागराज. दोन टोकांना वायू आणि मेघगर्जनेचे देव. अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आपल्या बोरिवलीतल्या कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यातही आहे. जाण्याआधी एखाद्या रविवारी तो पाहून आलात, तर क्योटोतल्या या सभागृहात तुम्ही परके राहणार नाही.

फोटो, वागणूक, पोट

बाहेर धनुर्धरांचे फोटो काढता येतात. तिपाई आणि शिडी मात्र आणू नका. नेम धरलेला असताना बोलणं, फ्लॅश, टाळ्या, सगळं बंद. ओळीतून बाहेर आलेल्या मुलीचा जवळून फोटो हवा असेल तर आधी विचारा: "शाशिन ओ तोत्तेमो ईदेस्का?" होकार आला तर फोटोनंतर "ओमेदेतो गोझाइमास" म्हणून अभिनंदन करा. त्या दिवशी ते ऐकायला प्रत्येकीला आवडतं. घोळक्याने एका मुलीला घेरणारे छायाचित्रकार दरवर्षी दिसतात. त्यांत सामील होऊ नका.

शाकाहाऱ्यांनी न्याहारी करूनच निघावं. नूडल्सच्या रश्शात आणि तोफूच्या बऱ्याच पदार्थांत दाशी असतं, म्हणजे सुक्या माशाचं पाणी, आणि ते वरून दिसत नाही. सोबत दशम्या किंवा ठेपले असले तर उत्तम. खाण्यासाठी आवाराबाहेर या.

लहान मुलं आणि वयस्कर आईवडील सोबत असतील तर त्यांना दोन तासांहून जास्त उभं ठेवू नका. समोरच, शिचिजो रस्त्यापलीकडे क्योटो राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे ऊब आणि बसायला जागा, दोन्ही मिळतात.

क्योटो जमलं नाही तर

टोकियोत असाल तर मेइजी मंदिराच्या आवारात सेइजिन नो हिच्या दिवशी ओगासावारा घराण्याच्या परंपरेतला 'मोमोते-शिकी' हा धनुर्विधी होतो. तिथे स्पर्धा नाही. जुन्या दरबारी पोशाखातले धनुर्धर संथपणे विधी पार पाडतात, आणि पाहायला जागाही मोकळी असते. त्या वर्षी तो ठरला आहे का, हे मंदिराच्या संकेतस्थळावर आधी पाहा. घोडा दौडवत बाण सोडण्याचा 'याबुसामे' हा प्रकार वेगळा. क्योटोत शिमोगामो मंदिराजवळ तो ३ मे रोजी असतो. जानेवारीत त्याची वाट पाहू नका.

जपानमध्ये शिकायला किंवा नोकरीला असलेल्या मराठी मुलांना स्वतः ओळीत उभं राहायचं असेल, तर विसाव्या वर्षाच्या आधी क्यूदो महासंघाचं सदस्यत्व आणि किमान शोदान ही पहिली श्रेणी हातात हवी. शहराच्या क्रीडा केंद्रातले नवशिक्यांचे वर्ग बहुधा वसंतात सुरू होतात. तिथे पहिले काही आठवडे धनुष्याऐवजी रबराची दोरी हातात मिळते.